भाड्यासाठी घर कोण बांधणार?

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा म्हटलं, आयुष्य बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेलं, तर हिशेबाचंच लिहू.

आमची गिरगावातली खोली आजोबांनी महायुद्धापूर्वी घेतलेली. भाडं महिना अठरा रुपये. त्या काळी मुंबईत पैसेवाले लोक चाळी बांधत ते गुंतवणूक म्हणूनच. जमीन, वीट, चुना, सागवान यांत घातलेली रक्कम भाड्यातून व्याजासकट सुटायची. पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. टंचाईच्या दिवसांत भाडेकरूंना आधार हवाच होता. कायदा ठरावीक मुदतीचा होता, पण मुदत वाढतच गेली. सिमेंट, मजुरी, पालिकेचे कर सगळं चढलं. भाडं मात्र किरकोळ वाढी सोडल्या तर जागच्या जागी.

१९६८ च्या पावसाळ्यात आमच्या मजल्याची गॅलरी कोसळली. शेजारच्या काकूंचा पाय कायमचा अधू झाला. सगळी चाळ मालकाला शिव्या देत होती, वडील सर्वांत पुढे. मी बी.कॉम.ला होतो. वहीत मांडून पाहिलं: तीस बिऱ्हाडं, प्रत्येकी अठरा, म्हणजे वर्षाचे ६,४८० रुपये. त्यातून कर भरून गॅलऱ्या कुठून बांधणार? वडिलांना हे सांगितलं नाही. माझी कॉलेजची फी त्या स्वस्त भाड्यामुळेच निघत होती ना! (पुढच्याच वर्षी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकराचा कायदा झाला.)

भाड्याने देण्यासाठी इमारत बांधायला कोणी कर्ज मागितलं असतं, तर मी स्वतः ते नामंजूर केलं असतं. मग मालक पागडी घेऊ लागले, तीही कायद्याने गुन्हा, म्हणून पावतीशिवाय. बांधणारे मात्र फ्लॅट विकून मोकळे होऊ लागले. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा यांच्या आधाराने आपल्यासारख्या सोसायट्या उभ्या राहिल्या. नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडीही कायदेशीर झाली. आपली सोसायटी नोंदली गेली ती त्याच वर्षी.

वडील इथे राहायला आले. पहिलं देखभालीचं बिल चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अरे, एवढ्यात आपलं चार वर्षांचं भाडं भागायचं!"