वर्गणीची पावती

परवा नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, कंपनीत युनियन होतेय, सभासद होऊ का?" मला एकदम १९७४ आठवले.

वडील लोणावळ्याला रेल्वेत फिटर. कर्जतहून गाड्या ढकलत आणणाऱ्या बँकर इंजिनांच्या शिट्ट्यांवर आमचे घड्याळ चाले! तेव्हा युनियन दोन. एक जॉर्ज फर्नांडिसांच्या फेडरेशनची, मागणी आठ तास ड्यूटी आणि बोनस. दुसरी संपापासून लांब राहिलेली. वडिलांनी पहिलीची पावती फाडली. आई म्हणाली, "क्वार्टर गेलं तर पोरं घेऊन कुठं जायचं?" भीती खोटी नव्हती. २ मेला फर्नांडिसांना अटक, ८ मेपासून संप, आणि ठिकठिकाणी कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले गेले.

पाचव्या दिवशी वडील कामावर गेले. शेजारचे काका गेले नाहीत, त्यांची नोकरी गेली. २७ मेला संप मागे घेतला, पदरात काहीच नाही.

जनता सरकार आल्यावर काका परत कामावर लागले. १९७९ मध्ये बोनस मंजूर झाला, तेव्हा पेढे घेऊन तेच आमच्याकडे आले. वडिलांनी पेढा घेतला, पण बराच वेळ हातातच धरून बसले.

नातवाला हो-नाही सांगितले नाही. एवढीच हकिगत सांगितली.