दाताची कीड: टोचून पाहण्यापासून नुसतं पाहण्यापर्यंत

'दात किडला' म्हणताना आपण नकळत एक फार जुनी समजूत बोलून जातो. दातात खरोखरची अळी असते, ही ती समजूत. सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' आहे, आणि दाढेच्या अळीवर भुईरिंगणीच्या बियांची धुरी आपल्याकडच्या खेड्यांतही घेत असत. फ्रान्समध्ये फोशारनं १७२८च्या ग्रंथात अळी नाकारली. १८९०मध्ये मिलरनं खरं कारण मांडलं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते आम्ल दात झिरपवतं.

पण सुरुवातीची कीड ओळखायची कशी? विसाव्या शतकात बहुतेक काळ उत्तर एकच होतं, टोकदार सळई. खाचेत टोचायची, अडकली की कीड, मग कोरा आणि चांदी भरा. १८९५ला क्ष-किरण सापडले, १९२५मध्ये रेपरनं दोन दातांच्या फटीतली कीड दाखवणारी फिल्म काढली. सोय झाली खरी, पण फिल्मवर डाग उमटेपर्यंत बरंच खनिज निघून गेलेलं असतं.

खरी कलाटणी साधी आहे. कीड आधी आतून पोखरते, वरचा पातळ थर शाबूत असतो. तेवढ्यात ती थांबवता येते, भरूनही येऊ शकते. आणि नेमका तोच थर सळईनं फुटतो, हे १९८०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. म्हणजे तपासणीच खड्डा पाडत होती! आता दात स्वच्छ करून हवेनं पाच सेकंद कोरडा करतात. दुधी काच ओली असताना आरपार दिसते, सुकली की पांढरी. दाताचा डागही तसाच. लेसरचं यंत्रही १९९८पासून आहे, पण ते खाचेतल्या साध्या डागालाही कीड समजतं. माझा भरवसा डोळ्यांवर जास्त.

बुलडाणा जिल्ह्यासाठी हे महत्त्वाचं का? जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून दातांसाठी प्रवास होतो तो दुखल्यावरच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरला सुरू झाला. त्यात दातही तपासायचे असतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा. तिथं बाळाचा वरचा ओठ उचलायचा, कापसानं दात टिपायचे, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आहे का बघायचं. असली तर रात्रीची दुधाची बाटली बंद आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तिथं मात्र जपून. त्या पाण्याचे पांढरे डाग सहसा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, पसरट असतात. किडीची रेघ मळ साचतो तिथंच, हिरडीला धरून.