शारदा कायदा आणि १९३१ ची खानेसुमारी

एखाद्या कायद्याचा परिणाम पाहायचा असेल तर कायद्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, असे आपण सहज म्हणतो. बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याबाबत असे केले तर उत्तर चमत्कारिक येते. १९२१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात पंधरा वर्षांखालील विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या. कायदा अमलात आल्यानंतर अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, पुन्हा शिरगणती झाली. त्या वेळी ही संख्या भरली सुमारे १ कोटी २२ लाख. या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली होती अवघी दहा-अकरा टक्के. पाच वर्षांखालील ‘बायकां’ची संख्या तर २ लाख १८ हजारांवरून ८ लाखांवर गेली होती.

मग कायद्यामुळे बालविवाह वाढले, असे म्हणायचे काय?

आधी कायदा पाहू. महाराष्ट्रात अनेकांची अशी समजूत असते, की देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकावरून त्याला हे नाव पडले. प्रत्यक्षात हे नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांचे आहे. त्यांनी १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हे विधेयक मांडले. दरम्यान सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मध्य प्रांत-वऱ्हाडातील सर मोरोपंत जोशी. समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला विधेयक मंजूर झाले. लग्नाच्या वेळी मुलगी किमान १४ वर्षांची व मुलगा किमान १८ वर्षांचा हवा, असे त्यात ठरले. शिक्षा होती जास्तीत जास्त एक महिना साधी कैद आणि एक हजार रुपयांपर्यंत दंड. मात्र झालेले लग्न रद्द होत नव्हते. तक्रार वर्षाच्या आत करावी लागे, आणि तक्रार करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागण्याची सोय होती. शेजारच्या घरातील लग्नाविरुद्ध एवढा खटाटोप कोण करणार? शिवाय कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ पासूनच असा कायदा केला होता, पण बहुतेक संस्थानांत मोकळे रान होते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम मात्र वेगळेच आहे. कायदा अमलात येणार होता १ एप्रिल १९३० पासून, म्हणजे मंजुरीनंतर सहा महिन्यांनी. या सहा महिन्यांत जे व्हायचे तेच झाले. वैशाखाची वाट न पाहता मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत लोकांनी लग्नांचा सपाटा लावला. दोन-चार वर्षांनी ज्या मुलींची लग्ने व्हायची त्यांचीही उरकून घेतली. खानेसुमारीचे प्रमुख जे. एच. हटन यांनी या घाईची नोंद केली आहे.

पण ८ लाखांचा आकडा केवळ घाईने आलेला नाही. त्यामागे गणिताचाही हात आहे, आणि हा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे वय सांगताना लोक पाच, दहा, पंधरा असे ठोकळ आकडे सांगतात. ही चूक पुसट व्हावी म्हणून १९३१ मध्ये नवी पद्धत वापरली. जवळच्या वाढदिवसाचे वय नोंदवायचे, ४ ते ६, ७ ते १३, १४ ते १६ असे गट करायचे, आणि ४ ते ६ च्या गटातील निम्मी माणसे ‘पाचच्या आत’, निम्मी ‘पाचच्या पुढे’ धरायची. १४ ते १६ च्या गटाचेही पंधराच्या अलीकडे-पलीकडे तसेच दोन भाग करायचे. एकूण लोकसंख्येसाठी ही युक्ती चांगली आहे, कारण चार वर्षांची आणि सहा वर्षांची मुले साधारण सारखीच असतात. विवाहितांचे तसे नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात विवाहित मुली १४ वर्षांच्या २०, १५ वर्षांच्या ३० आणि १६ वर्षांच्या ५० आहेत. एकूण १००. नव्या पद्धतीने यातल्या ५० पंधराच्या आत जातील. वास्तविक जायला हव्यात १४ च्या २० आणि १५ च्या निम्म्या, म्हणजे ३५. पंधरा मुली कागदावरच लहान झाल्या! सहा वर्षांच्या नवऱ्या याच रीतीने ‘पाचच्या आत’ ढकलल्या गेल्या. तेव्हा १९२१ आणि १९३१ च्या कोष्टकांतील फरकात खरी घाई आहे आणि मापनपट्टी बदलल्याचा परिणामही आहे. दोन्ही एकाच दिशेने ओढणारे, त्यामुळे नुसत्या कोष्टकावरून ते वेगळे काढता येत नाहीत.

लग्नांची नोंदच नव्हती, म्हणून संशोधकांना अविवाहितांच्या प्रमाणावरून विवाहाचे सरासरी वय काढावे लागले. कोणत्या वयापर्यंत किती टक्के मुली अविवाहित राहतात हे कळले, की लग्नाच्या तारखा ठाऊक नसल्या तरी सरासरी काढता येते. जॉन हाजनल यांनी १९५३ मध्ये या रीतीला पक्के रूप दिले. भारतासाठी एस. एन. अगरवाला यांनी दशकवार वये काढली. मुलींचे वय १९११-२१ मध्ये सुमारे १३.७ वर्षे, १९२१-३१ मध्ये घसरून सुमारे १२.७, आणि पुढच्या दशकात एकदम पंधराच्या जवळ! ही उडी म्हणजे समाजाला आलेली जाग, असे समजण्याची घाई करू नये. मार्च १९३० मध्ये आठव्या वर्षी बोहल्यावर चढवलेली मुलगी एरवी कदाचित १९३४ साली बाराव्या वर्षी चढली असती. तिचे लग्न पुढच्या दशकातून उसने घेतले गेले. त्यामुळे एका दशकात खड्डा पडला आणि दुसऱ्यात उंचवटा आला. त्यातच वय सांगणे आता गुन्ह्याशी जोडले गेले होते. बारा वर्षांच्या सुनेचे वय चौदा सांगणाऱ्या सासूला दोष देता येईल, पण तिचे उत्तर सरासरीत मिसळतेच.

कायद्याच्या तारखेजवळ आकडे उसळतात ते काही आपल्याकडेच नव्हे. इंग्लंड व वेल्समध्ये घटस्फोटाचा सुधारित कायदा १९७१ च्या प्रारंभी लागू झाला. १९७० साली तेथे सुमारे ५८ हजार घटस्फोट झाले होते, १९७२ साली १ लाख १९ हजार. दोन वर्षांत संसार दुपटीने मोडले असे नाही. वर्षानुवर्षे वेगळी राहणारी जोडपी नव्या तरतुदीमुळे एकदम न्यायालयात आली. तेथे प्रत्येक घटस्फोटाची तारीख नोंदलेली असते, म्हणून हे तपासता येते.

आपल्याकडे जोशी समितीने वधूवरांच्या वयासह लग्नांची नोंदवही ठेवावी अशी शिफारस केली होती. कायद्यात ती उतरली नाही. सर्व विवाहांची सक्तीने नोंदणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ साली.

दरम्यान मुलीचे किमान वय १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले. आजचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारते. यात खुबी आहे. त्या सगळ्या अठराची रेषा ओलांडून आलेल्या असतात, त्यामुळे ‘अजून व्हायचे आहे’ असा गट उरत नाही. अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये देशात सुमारे ४७ टक्के होते, २०१९-२१ मध्ये २३ टक्के. महाराष्ट्रात ते सुमारे २२ टक्के होते, म्हणजे दर पाचांत एकीहून थोडे अधिक. अशा एखाद्या लग्नाविरुद्ध आज तक्रार झाली आणि मुलीच्या वयाबद्दल वाद उभा राहिला, तर अधिकारी प्रथम मागतात शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेचा उतारा.