'नेगो' की 'से नेगो'? स्पॅनिश बातमीतल्या एका छोट्या शब्दाने अर्थ कसा बदलतो

समजा, एका मंत्र्याबद्दलच्या स्पॅनिश बातमीचा स्क्रीनशॉट तुमच्या फीडवर आला. त्यात लिहिलंय, 'नेगो आबेर फिरमादो एल आकुएर्दो'. थोड्या वेळाने त्याच प्रकरणाची दुसरी पोस्ट दिसते, 'से नेगो आ फिरमार एल आकुएर्दो'. दोन्हींच्या खाली कुणीतरी मराठीत कॅप्शन टाकलंय, 'मंत्र्यांनी करार नाकारला'.

पण या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत मंत्री म्हणतोय, 'मी करारावर सही केलेलीच नाही.' म्हणजे सही झाली की नाही, हाच वाद आहे. दुसरीत त्याने सही करायला नकार दिलाय. एकात तो आरोप झटकतोय, दुसऱ्यात भूमिका घेतोय. हा फरक करणारं क्रियापद म्हणजे 'नेगार'.

नेगार म्हणजे काय?

स्पॅनिशमधलं 'नेगार' लॅटिनमधल्या 'नेगारे'वरून आलं. आपल्या ओळखीचा 'निगेटिव्ह' हा शब्दही त्याच घरातला. त्यातल्या 'ने'चं नातं थेट संस्कृतमधल्या 'न'शी, म्हणजे पर्यायाने मराठीतल्या 'न'शी आहे.

अर्थाच्या बाबतीतही मराठी माणसाला हा शब्द परका वाटत नाही. इंग्रजीत एखादी गोष्ट खरी नाही म्हणायला 'डिनाय' आणि एखादी गोष्ट करायला नाही म्हणायला 'रिफ्यूज' वापरतात. मराठीत आरोपही नाकारतात आणि व्हिसाही नाकारतात. नेगारचं तसंच. 'ले नेगारोन ला विसा' म्हणजे त्याला व्हिसा नाकारला. 'नो से पुएदे नेगार' म्हणजे नाकारता येत नाही. हे तर आपल्या अग्रलेखांतलं ठरलेलं वाक्य! भांडण झाल्यावर समोरच्याला साधा नमस्कारही न करणं, यालाही स्पॅनिशमध्ये 'नेगार एल सालुदो', म्हणजे नमस्कार नाकारणं, म्हणतात.

गोची होते ती स्वतः एखादी गोष्ट करायला नकार देताना. तेव्हा क्रियापद 'नेगार्से' होतं. त्याच्यासोबत 'से' येतो (बोलणारा स्वतःबद्दल सांगत असेल तर 'मे') आणि पुढे 'आ' लावून दुसरं क्रियापद येतं. 'मे निएगो आ पागार' म्हणजे मी पैसे द्यायला नकार देतो. मराठीत आपण अशा वेळी 'नाकारलं' सोडून 'नकार दिला' म्हणतो. बहुतेक वेळा तोच अनुवाद बरोबर बसतो.

मग 'से' दिसला की 'नकार दिला' असं समजायचं का? नाही. 'से ले नेगो ला एन्त्रादा' या वाक्यातही 'से' आहे, पण अर्थ आहे 'त्याला प्रवेश नाकारण्यात आला'. इथे तो माणूस काहीच करत नाहीये, दारावर अडवलाय त्यालाच. घाईत वाचणारा याचं 'त्याने आत जायला नकार दिला' करून टाकतो आणि बातमी पूर्ण उलटते. म्हणून 'से'च्या पुढेही बघायचं. 'आ' आणि क्रियापद आलं तर नकार देणारा तो स्वतः. 'ले' आणि एखादी वस्तू, परवानगी किंवा हक्क आला तर नकार त्याच्या वाट्याला आलेला.

रूपं थोडी फसवी आहेत. वर्तमानकाळात 'ने'चा 'निए' होतो. मी नाकारतो 'निएगो', तो नाकारतो 'निएगा', पण आम्ही नाकारतो 'नेगामोस'. भूतकाळात मी नाकारलं हे 'नेगे' आणि त्याने नाकारलं हे 'नेगो', दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर. 'नेगे' लिहिताना मध्ये एक 'यू' येतो, पण तो उच्चारायचा नाही. 'हे खरं आहे, हे मी नाकारतो' म्हणताना पुढचं 'आहे'सुद्धा बदलतं. नेहमीच्या 'एस'ऐवजी 'सेआ' येतं, कारण बोलणारा ती गोष्ट खरी मानतच नाही.

याच कुटुंबात 'देनेगार' आहे. अर्ज, परवाना, व्हिसा अशा गोष्टी कार्यालयाने फेटाळल्या की बहुधा हा शब्द दिसतो. 'रेनेगार' म्हणजे धर्म, पक्ष किंवा माणसाशी नातं तोडणं. इंग्रजीतला 'रेनेगेड' स्पॅनिशमधल्या 'रेनेगादो'वरूनच गेलाय. पसरलेली बातमी खोटी आहे असं सांगायला 'देसमेंतीर', तर समोर आलेला प्रस्ताव किंवा राजीनामा फेटाळायला 'रेचासार' वापरतात. मराठीत 'अध्यक्षांनी राजीनामा नाकारला' असं लिहिलं की राजीनामा त्यांनी स्वीकारला नाही, की आपण दिल्याची बातमी खोटी ठरवली, हे पुढचा मजकूर वाचूनच कळतं. स्पॅनिशमध्ये 'रेचासो' किंवा 'देसमिंतियो' वाचलं की तिथेच कळतं.

आणि शाळेत कुणी 'नेगादो' म्हणालं तर? 'नेगादो पारा लास मातेमातिकास' म्हणजे गणितात ढ.

मेक्सिकोत या क्रियापदाचा एक घरगुती वापरही ऐकू येतो. नको असलेल्या माणसाचा फोन आला की आतून आवाज येतो, 'निएगामे!' शब्दशः अर्थ 'मला नाकार'. म्हणायचं असतं, 'मी घरी नाही म्हणून सांग.'