तुघलकाबाद : पाण्यावाचून पडलेली राजधानी

मराठी माणसाला तुघलक माहीत असतो तो ‘तुघलकी कारभार’ या शब्दांपुरता, आणि देवगिरीचं दौलताबाद करणारा म्हणून. त्याच्या वडिलांनी वसवलेली राजधानी मात्र आपल्या गावीही नसते. दिल्लीच्या दक्षिणेला, मेहरौली-बदरपूर रस्त्याच्या कडेला ती आहे. देवगिरी चढून आलेल्यानं तुघलकाबाद पाहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे वडील म्हणजे गाझी मलिक, दिपालपूरचा सुभेदार, मंगोलांना थोपवून नाव कमावलेला. इब्न बतूता सांगतो, की दिल्लीच्या खलजी सुलतानांच्या चाकरीत असताना त्यानं सुलतानाला ही जागा दाखवली आणि इथं शहर वसवा म्हणून सुचवलं. सुलतान थट्टेनं म्हणाला, तू सुलतान झालास की वसव. 1320 मध्ये तो खरोखरच गियासुद्दीन तुघलक म्हणून तख्तावर बसला आणि लगेच काम काढलं. अवघ्या चारेक वर्षांत शहर उभं राहिलं.

सुमारे साडेसहा किलोमीटरचा तट. जवळ जाऊन हात लावावा असे एकेक चिरे, अरवलीच्याच खडकातले, खरबरीत, काही माणसाएवढे. भिंती वर जाताना आत कललेल्या, बुरूज पायाशी रुंद. देवगिरीला कडा तासून दुर्गम केला. इथं उघड्या टेकाडावर दगड रचून कडा उभा केला. मंगोलांची धास्ती या दगडांत अजून दिसते.

धास्ती नव्हती ती पाण्याची, आणि तीच असायला हवी होती. यमुना काही कोस पूर्वेला. आत बावड्या खोदल्या, दक्षिणेला बांध घालून पावसाचं पाणी अडवलं. त्या तलावाच्या मधोमध सुलतानानं स्वतःची कबर बांधून घेतली. लाल दगड, वर पांढरा घुमट, किल्ल्याशी जोडणारा कमानींचा पूल. 1325 मध्ये बंगालच्या मोहिमेवरून परतताना अफगाणपूरला स्वागताचा लाकडी मंडप कोसळून तो गेला. मुलगा मुहम्मदनं समोर आदिलाबाद बांधलं आणि 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली. बापाच्या शहराचं वैभव तिथंच सरलं.

लोक सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या शापाची कथा सांगतात : इथं एक तर ओसाडी राहील, नाही तर गुरं राखणारे गुज्जर राहतील. कथा गोड आहे. पण कोरड्या बावडीच्या काठावरून खाली डोकावलं, की मला शापाची गरज उरत नाही. पाण्याची शाश्वती असती, तर सुलतान गेला तरी सोनार-तांबटांनी घरं सोडली नसती.

देवगिरीही मुहम्मदला लाभली नाही. तिथं नेलेल्या लोकांना दिल्लीला परतायची मुभा द्यावी लागली, आणि 1347 मध्ये दौलताबादेतच बंडखोर सरदार हसन गंगूनं बहमनी राज्याची द्वाही फिरवली.

आज तलाव कोरडा आहे. कमानींचा पूल मोटाररस्त्यानं मधोमध तोडलाय. तटात वेडी बाभूळ माजलीय. तटाच्या आत मात्र तुघलकाबाद गाव नांदतंय, गुज्जरांची जुनी वस्ती, आणि भोवती पोटासाठी लांबून आलेल्यांची दाटी. 2023 मध्ये यातल्या कितीतरी घरांवर अतिक्रमण म्हणून बुलडोझर फिरले. पुरातत्त्वाचा कायदा मला मान्य आहे. तरी त्या पडक्या भिंतींशेजारी प्लास्टिकची पाण्याची पिंपं सांभाळत बसलेली बायका-पोरं डोळ्यांपुढून हलत नाहीत.