जीप की जिप्सी? जंगलात टिकलेल्या गाड्यांची गोष्ट

यूट्यूबवर एक भांडण कधी संपतच नाही. पिकअप अमेरिकन टिकते की जपानी? फोर्ड की टोयोटा? आता खरं सांगा, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत फोर्डची एफ-१५० कितीजणांनी बघितलीये? पण हाच सामना आपल्या जंगलात वेगळ्या नावांनी खेळला गेलाय. एकीकडे अमेरिकन घराण्यातली महिंद्रा जीप, दुसरीकडे जपानी घराण्यातली मारुती जिप्सी.

आधी जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. १९४७ मध्ये विलीजचे सुटे भाग मुंबईत आणून त्या जोडायला सुरुवात झाली. जोडणारी कंपनी म्हणजे आजची महिंद्रा. त्यातलं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याच साच्यातल्या जीप पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० ला तर फ्रान्सच्या प्यूजोच्या रचनेचं डिझेल इंजिन होतं. म्हणजे ‘अमेरिकन’ म्हणायचं तरी किती?

आता जपान. मित्सुबिशीनं १९५३ पासून विलीजच्याच परवान्यावर जीप बनवल्या. थोडक्यात, आपण आणि जपान एकाच शाळेत शिकलो. सुझुकीनं वेगळी वाट धरली. होप नावाच्या लहान कंपनीचं डिझाइन विकत घेऊन १९७० मध्ये एलजे१० आणली, इंजिन फक्त ३५९ सीसी! तिच्याच वंशातली जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये भारतात आली, ९७० सीसी पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली.

मग जास्त भरवशाची कोण? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आमच्या सर्व्हरचा हिशोब इथं लावतो. आम्ही दोन गोष्टी मोजतो: बिघाड किती दिवसांनी होतो, आणि झाल्यावर दुरुस्तीला किती वेळ जातो. समजा, एक गाडी दर ३० दिवसांनी बिघडते, पण अर्ध्या दिवसात सुरू होते. दुसरी १८० दिवस बिनतक्रार चालते, पण पार्ट यायला १० दिवस लागतात. पहिली साधारण ९८ टक्के दिवस तुमच्या कामाची, दुसरी ९५ टक्केच. कमी बिघडणारी गाडी हरली की नाही?

हा फरक गडचिरोलीत कळतो. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणी पेशंटला घेऊन निघालेली गाडी बंद पडली, तर ती कोणत्या देशाची हे कोणी विचारत नाही. जवळचा मिस्त्री तिचं बोनेट उघडून काही करू शकतो का, एवढंच महत्त्वाचं. जुनी जीप तिथं चालली, कारण तिचं मशीन साधं होतं, पाना-पक्कड घेऊन उघडता येणारं.

ताडोब्यात मात्र जिप्सी जिंकली. हलकी, वरून उघडी, आणि डिझेलचा खडखडाट नाही. वाघ बघायला निघालेल्या माणसाला अजून काय पाहिजे? आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरांचं घर या गाडीवर चालतं. पावसाळ्यात कोअर बंद असतं, तेव्हाच मोठी कामं उरकायची. एकाच ठिकाणी एवढ्या जिप्सी झाल्या की तिची नस न नस जाणणारे मिस्त्रीही तयार होतात. जे कधीकाळी जीपचं झालं, तेच जिप्सीचं झालं.

पण २०१९ मध्ये जिप्सीचं उत्पादन थांबलं. २०२३ मध्ये जिम्नी आली, तीही सुझुकीचीच. पण जिप्सीचा हात बसलेल्या मिस्त्रीला तिच्यातलं इलेक्ट्रॉनिक्स नव्यानं शिकावं लागणार. कंपनी गाडी बनवायचं थांबवते तेव्हा ती लगेच मरत नाही. शेवटचा पार्ट संपतो आणि शेवटचा जाणकार मिस्त्री दुकान बंद करतो, तेव्हा ती खरी मरते.

म्हणून पिकअप घेताना ‘अमेरिकन की जपानी’ हे नंतर. आधी दोन प्रश्न विचारा: हिचा पार्ट कुठं मिळतो? आणि माझ्या तालुक्यात ही कोणाला उघडता येते?

तुमच्या गावातली सगळ्यात म्हातारी, पण अजून चालू असलेली गाडी कोणती? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!