खांब गावात, अंधार वस्तीत

खांबावरून घरापर्यंत सर्व्हिस वायर ओढणे हे वायरमनचे थोड्या वेळाचे काम. आधाराला जी.आय. तार, तिला बांधलेली वायर, भिंतीवर मीटर. पण त्याआधी खांब वस्तीत यावा लागतो. तो का आला नाही?

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात होती (हे अभ्यासक्रमात सापडायचे नाही). 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मागणी मांडली. उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही आणि विजेशिवाय उद्योग नाही, हा त्यांचा हिशेब.

स्वातंत्र्यानंतर सरकारने वेगळाच हिशेब केला. गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली, की गाव 'विद्युतीकृत'! पाटलाच्या मळ्यात मोटर सुरू झाली की महारवाडा, मांगवाडाही कागदावर उजळला. 1997 मध्ये 'लोकवस्तीत वीज हवी' अशी दुरुस्ती झाली. पण कोणाची लोकवस्ती? गावठाणात दिवा लागला तरी अट पूर्ण.

दलित वस्तीतही डीपी आणि तारा हव्यात, हे केंद्राच्या व्याख्येत आले 2004 साली. बाबासाहेबांच्या त्या भाषणानंतर 61 वर्षांनी. तिथेही घरांची अट फक्त 10 टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वद घरांना सर्व्हिस वायर नसली तरी गाव विद्युतीकृतच. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरच्या लेइसांगला वीज पोचली आणि देशातले सगळे गाव उजळल्याची घोषणा झाली, तीही याच व्याख्येने.